निशाची डायरी आणि इतिहासाचा तास

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत जरा जड झालं आहे, 'बहुसांस्कृतिक बालकादंबरी आणि इतिहासाचा वर्ग'. साध्या भाषेत प्रश्न असा आहे, की सातवी-आठवीच्या मुलांना फाळणी शिकवायची असेल तर त्यांच्या हातात कादंबरी द्यावी का? आणि दिली, तर वर्गात तिचं नेमकं काय करावं? पहिल्या प्रश्नाचं आमचं उत्तर 'हो' आहे, ते आत्ताच सांगून टाकतो. दुसऱ्याला मात्र आजचा सगळा वेळ लागणार आहे.

आधी थोडं या 'बहुसांस्कृतिक' शब्दाबद्दल. हा शब्द बालसाहित्याला चिकटला तो अमेरिकेत, आणि त्यामागे एक मोजदाद आहे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत अमेरिकेतल्या ६३ प्रकाशकांनी काढलेली पाच हजारांवर मुलांची पुस्तकं त्यांनी तपासली. त्यात एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं किती निघाली? ६.७ टक्के. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी आरसा आणि खिडकी अशी एक कल्पना मांडली. मुलाला पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे आणि दुसऱ्याचं घरही दिसलं पाहिजे, असा तिचा आशय. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही कल्पना आता इतकी वापरली जाते, की तिची धार जरा गेली आहे. पण मूळ मुद्दा पक्का आहे. एकाच पुस्तकात एका मुलाला आरसा मिळतो तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलाला खिडकी मिळत असते. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट फार कामाची आहे, आणि थोडी धोक्याचीही. ते कसं, ते पुढे येईलच.

आपण आज एकच पुस्तक घेणार आहोत, वीरा हिराणंदानी यांची 'द नाइट डायरी'. मूळ इंग्रजी, प्रकाशन २०१८, आणि २०१९ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा सन्मान मिळाला. लेखिकेचे वडील सिंधी हिंदू, आई अमेरिकन ज्यू. वडिलांचं कुटुंब फाळणीच्या वेळी सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरला आलं. जिवानिशी सुखरूप आलं, पण घरदार मागे टाकून. कादंबरीतलं कुटुंब हाच रस्ता चालतं.

गोष्ट थोडक्यात अशी. निशा आणि अमिल ही जुळी भावंडं. वडील डॉक्टर, हिंदू. आई मुसलमान, ती या दोघांना जन्म देताना गेली. घरात आजी आहे आणि काझी नावाचा स्वयंपाकी आहे, तोही मुसलमान. निशाचा जीव या काझीवर आणि त्याच्या स्वयंपाकघरावर. बाराव्या वाढदिवसाला, १४ जुलै १९४७ रोजी, तिला काझीकडून एक डायरी मिळते, आणि त्या रात्रीपासून ती कधी न पाहिलेल्या आईला पत्रं लिहायला लागते. ऑगस्टमध्ये घर सोडावं लागतं. काझी मागे राहतो. वाळवंटातून पायी प्रवास, पाणी संपतं, अमिलची अवस्था वाईट होते. मध्ये काही दिवस आईच्या भावाच्या, म्हणजे मुसलमान मामाच्या घरी लपून काढतात. मग रेल्वे, आणि रेल्वे थांबलेली असताना समोर झालेले खून. जोधपूरला पोचेपर्यंत निशाचं बोलणंच बंद झालेलं असतं. डायरी नोव्हेंबर १९४७ मध्ये संपते.

आता पाठ्यपुस्तकात काय असतं ते आठवा. माउंटबॅटन योजना, ३ जून. रॅडक्लिफ साहेब ८ जुलैला भारतात आले, पाच आठवड्यांत रेषा आखून झाली, आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. एक ते दीड कोटी माणसं हलली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांच्या वरपर्यंत जातात. हे सगळं बरोबर आहे आणि हे शिकवायलाच पाहिजे. पण बारा वर्षांच्या मुलाला 'एक कोटी' म्हणजे काय ते कळत नाही. आपल्यालाही कळत नाही, आपण फक्त तो आकडा उच्चारतो. 'सामान एवढंच न्यायचं आहे, तू काय घेशील?' हे मात्र मुलाला कळतं. निशा निघताना काझीने दिलेला खलबत्ता घेते. वर्गात हा भाग वाचला, की लगेच कुजबुज सुरू होते, तू काय घेतलं असतंस, मी काय घेतलं असतं. इतिहासाचा प्रश्न मुलाच्या डोक्यात शिरला तो त्या क्षणी.

इथपर्यंत बहुतेक शिक्षक सहमत होतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. कादंबरी वाचली, मुलं हळवी झाली, दोन-चार मुलींनी डोळे पुसले, 'आपण सगळे एक' असं फळ्यावर लिहिलं आणि घंटा झाली. आमची तक्रार नेमकी इथे आहे. असं केलं तर तो मूल्यशिक्षणाचा तास झाला, इतिहासाचा अजून सुरूच झालेला नाही. तो सुरू होतो ते आपण कादंबरीशेजारी तारखा मांडतो तेव्हा. चला, मांडून बघू.

सिंधची फाळणी झालीच नाही, इथपासून सुरुवात करायची. पंजाब चिरला, बंगाल चिरला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. रॅडक्लिफची पेन्सिल सिंधवरून फिरलीच नाही. प्रांतात हिंदू साधारण पाव हिस्सा, पण शहरांत, व्यापारात, वकिलीत, डॉक्टरीत त्यांचं प्रमाण फार मोठं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर १९४७ मध्ये पंजाब पेटला होता तसा सिंध पेटलेला नव्हता. सिंधमधले पुष्कळ हिंदू तेव्हा राहण्याच्याच विचारात होते. सिंधचे मुख्यमंत्री अयूब खुहरो यांनाही हिंदूंनी जाऊ नये असंच वाटत होतं, कारण ते गेले तर प्रांताचा कारभार आणि बाजार दोन्ही कोलमडणार, हे त्यांना दिसत होतं.

मग चित्र पालटलं कधी? डिसेंबर १९४७ मध्ये. तेही कसं, ते बघा. अजमेरला दंगल झाली, तिथले मुसलमान निघाले आणि सिंधमध्ये हैदराबादला पोचले. १७ डिसेंबरला हैदराबादेत हिंदूंवर हल्ले झाले. मग ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत. मुंबईची बोट गाठायला आलेल्या शिखांवर ते गुरुद्वारात उतरलेले असताना हल्ला झाला, आणि मग शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर बोटीच्या तिकिटांसाठी गर्दी उसळली. पुढच्या काही महिन्यांत सिंधी हिंदू मोठ्या संख्येने बाहेर पडले, सगळे मिळून दहा लाखांहून अधिक. त्यातले पुष्कळ जण कराचीहून बोटीने मुंबई किंवा काठियावाडच्या बंदरांत उतरले.

आता पुन्हा कादंबरीकडे या. निशाचं कुटुंब निघतं ऑगस्टमध्ये. डायरी संपते नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ज्या दोन घटनांनी सिंधी हिंदूंचं निघणं ठरवलं, त्या दोन्ही या डायरीच्या शेवटच्या पानानंतरच्या आहेत. आणि थांबलेल्या गाडीशी झालेली कत्तल हे चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात आहे ते मुख्यतः पंजाबचं आहे.

म्हणजे कादंबरी खोटी ठरली का? अजिबात नाही. काही कुटुंबं आधीच निघाली होती, आणि मीरपूर खास हे गाव जोधपूरला जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे तिथल्या माणसाने कराचीला न जाता पूर्वेची वाट धरणं अगदी स्वाभाविक. पण एका कुटुंबाची गोष्ट म्हणजे एका प्रांताची गोष्ट नव्हे. लेखिकेला एका मुलीच्या डायरीत फाळणीचा सगळा आकांत बसवायचा आहे, म्हणून तिने थोडा पंजाब सिंधमध्ये आणला, असं आमचं वाचन आहे. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असतेच. इतिहासाच्या शिक्षकाला ती नाही. त्याने फळ्यावर दोन रकाने करावेत, एकात डायरीच्या तारखा, दुसऱ्यात सिंधच्या, आणि मुलांनाच विचारावं, 'हे जुळत का नाही?' सातवीच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. चूक पकडायला कोणाला आवडत नाही? पण पकडता पकडता ती शिकतात काय, तर साधन कशाला म्हणायचं, आठवण आणि नोंद यांत फरक काय, आणि एकाच वर्षात दोन प्रांतांत दोन वेगळी वर्षं कशी असू शकतात.

आमच्या मते या पुस्तकाचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. ते जिथे नोंदींशी जुळतं तिथे ते छान आहे, आणि जिथे जुळत नाही तिथे ते त्याहून उपयोगी आहे.

आता धोक्याबद्दल. फाळणी शिकवताना वर्गात एक प्रश्न येतोच, कधी मोठ्याने, कधी मागच्या बाकावरून हळूच, 'सर, पण सुरुवात कोणी केली?' या प्रश्नाला घाबरून कितीतरी शिक्षक तो धडाच तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. पालकांचे फोन येतात, आणि आजकाल कशावरून काय होईल सांगता येत नाही. पण प्रश्न टाळला म्हणून तो मुलाच्या डोक्यातून जात नाही. त्याला त्याचं उत्तर मोबाइलवर मिळतं, आणि ते कसं असतं ते आपल्याला माहीत आहे.

इथे निशा कामाला येते, कारण ती निम्मी-निम्मी आहे. तिला 'आपण' आणि 'ते' अशी वाटणी करताच येत नाही, ती वाटणी तिच्या रक्तातून जाते. आई ज्यांची, त्यांच्यापासून पळायचं. वडील ज्यांचे, त्यांच्यातल्या लोकांनी काय केलं तेही कानावर येतं. काझी कोण? आपला की त्यांचा? मुलं या जागेवर अडतात, आणि अडू द्यावीत. आणि अजमेर-हैदराबादची साखळी फळ्यावर असली तर 'सुरुवात कोणी केली' या प्रश्नाला खरंखुरं उत्तरही देता येतं. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, असं उलट विचारायचं. गाव आणि तारीख आली, की प्रश्न आरोपाकडून चौकशीकडे वळतो.

दुसरा धोका आपण शिक्षकच निर्माण करतो. वर्गात एखादं सिंधी आडनाव असतं, एखादं मुसलमान मूल असतं. कादंबरी वाचता वाचता शिक्षक मोठ्या प्रेमाने म्हणतात, 'तू सांग बरं, तुमच्यात काय सांगतात याबद्दल?' हेतू चांगलाच असतो. पण चाळीस माना एकदम त्या मुलाकडे वळतात, आणि तोपर्यंत जो नुसता आपल्यातला एक होता तो एका क्षणात 'त्यांचा' प्रतिनिधी होऊन बसतो. पुस्तकातल्या मुलीवर १९४७ मध्ये नेमकं हेच झालं होतं! मघाशी आरसा धोक्याचा म्हटलं ते यासाठी. आरसा मुलाच्या हातात द्यावा, त्याला पाहायचं तेव्हा तो पाहील. त्याच्या तोंडासमोर धरू नये. कोणाला घरची आठवण सांगायची असेल तर ती वहीत लिहून द्यावी, नाव न घालता, एवढी सोय पुरते.

आणखी एक बाब भाषेची. हे पुस्तक अमेरिकन मुलांसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे डाळ-भात-चपातीबद्दल ते जे समजावून सांगतं त्याची आपल्या मुलांना गरज नाही, आणि त्यांना त्याची गंमतही वाटते. तेवढं सोडून द्यावं. पण एक प्रश्न जरूर विचारावा, निशाने ही डायरी प्रत्यक्षात लिहिली असती तर कोणत्या लिपीत? मुलं पटकन म्हणतात, देवनागरी. ती हिंदू ना! आता इथे खरा इतिहास आहे. इंग्रजांनी १८५३ मध्ये सिंधीसाठी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरवली, आणि सिंधच्या शाळांत हिंदू मुलंही तीच शिकत. म्हणजे मीरपूर खासच्या हिंदू डॉक्टरची मुलगी आईला सिंधीत पत्र लिहिती तर उजवीकडून डावीकडे लिहिती. भारतात आल्यावर याच लिपीवरून सिंधी समाजात मोठा वाद झाला, अरबी ठेवायची की देवनागरी घ्यायची. दोन्ही राहिल्या. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ मध्ये. लिपी म्हणजे धर्म नव्हे, हे मुलांना भाषण करून सांगावं लागत नाही, या एका प्रश्नातून ते निघतं.

आपल्याकडच्या वर्गाला सिंध लांबचा वाटतो, म्हणून थोडं इकडचंही. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीचा कारभार मुंबईतून चाले. कराचीत आजही एन. जे. व्ही. या नावाने ओळखली जाणारी एक जुनी शाळा आहे, १८५५ मध्ये सुरू झालेली. ही तीन अक्षरं म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. हे मराठी गृहस्थ सिंधच्या शिक्षण खात्यात होते. तेव्हा १९४८ मध्ये बोटी मुंबईला लागल्या त्यात नवल काही नव्हतं, तो जुनाच रस्ता होता.

बंदरावरून ही माणसं गेली कुठे? लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत. कल्याणची छावणी सगळ्यात मोठी, तिथे निर्वासितांचा आकडा लाखाच्या आसपास गेला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या गावाची कोनशिला बसली आणि नाव पडलं उल्हासनगर. रिक्षावाला आजही तिथे 'कॅम्प नंबर किती?' असंच विचारतो. देवळाली, पिंपरी, चेंबूर ही नावंही याच यादीतली. आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे. त्याची कहाणी तर विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलंडमधून परागंदा झालेले काही हजार लोक, त्यात बायका आणि मुलंच जास्त, येऊन राहिले होते. ते गेले, आणि त्यांच्याच वसाहतीत सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच. कापडबाजाराला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

कादंबरीत ही छावणी नाही. निशाचं कुटुंब जोधपूरला लहान का होईना पण स्वतःच्या जागेत राहतं, वडिलांना काम मिळतं. बराकीत पोत्यांचे पडदे लावून चार-चार कुटुंबं एका छपराखाली, शिधापत्रिकेची रांग, पाण्याची रांग, डॉक्टर असून महिनोन्महिने हाताला काम नाही, हे त्यात येत नाही. बालकादंबरीला कुठेतरी दिवा लावून थांबावं लागतं, आम्हाला ते मान्य आहे. पण महाराष्ट्रातल्या वर्गाने तिथून पुढे जावं, कारण पुढचा भाग आपल्या अंगणात घडला आहे आणि त्याचे साक्षीदार वेगाने कमी होत आहेत. १९४८ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. ज्या शाळेच्या आसपास अशी आजी असेल त्या शाळेने पाहुणी म्हणून तिला बोलवावं, किंवा त्याहून बरं, दोन-दोन मुलांनी तिच्याकडे जावं, आणि 'तुम्हाला काय वाटलं' असं विचारण्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. कोणत्या महिन्यात निघालात? बोटीने की गाडीने? ट्रंकेत काय होतं? शाळा पुन्हा कधी सुरू झाली, कोणत्या भाषेत? भावनांबद्दल विचारलं की माणसं ठरलेलं बोलतात. ट्रंकेबद्दल विचारलं की खरं बोलतात.

वेळ होत आली आहे, पण एक प्रश्न राहिला, जो आम्ही या पुस्तकावरच्या शेवटच्या तासाला ठेवतो. निशाच्या मीरपूर खासच्या घरात तिच्यानंतर कोण राहायला आलं असेल? निर्वासितांची मालमत्ता दोन्हीकडच्या सरकारांनी ताब्यात घेतली आणि आलेल्या निर्वासितांना वाटली. जोधपूर-मीरपूर खास हाच रस्ता उलट्या दिशेने राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले मुसलमान चालत होते, खोखरापारच्या नाक्यावरून. म्हणजे त्या घरात, त्याच स्वयंपाकघरात, अजमेर-जयपूरकडची एखादी बारा वर्षांची मुलगी आली असणार. मुलांना सांगायचं, आता तिची डायरी लिहा, एकच पान, पण तारीख बरोबर पाहिजे आणि रस्ता नकाशावर दाखवता आला पाहिजे. तो मार्ग नकाशावर अजून आहे. १९६५ च्या युद्धात त्यावरची गाडी बंद पडली, २००६ मध्ये 'थार एक्सप्रेस' म्हणून मुनाबाव-खोखरापारमार्गे पुन्हा धावली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. मुलं विचारतात, 'मग आता जायचं असेल तर?' नकाशावर बोट ठेवून ती स्वतःच दुसरी वाट शोधायला लागतात.

प्रश्न असतील तर घेऊ या.